नोंदवहीबाहेरचा गुडघा

मराठी समाजाच्या सार्वजनिक स्मृतीत खेळाडूचे शरीर बहुधा दोनच प्रसंगी दिसते. एक विजयाच्या मिरवणुकीत आणि दुसरे मृत्युलेखात. या दोहोंच्या मधला जो दीर्घ काळ, ज्यात घोटा मुरगळतो, खांदा निखळतो, झोप उडते, निवड हुकते आणि तरीही दुसऱ्या दिवशी मैदानावर उभे राहावे लागते, तो काळ आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ आलेलाच नाही. विद्यापीठीय खेळाडूंच्या दुखापतींची आणि मानसिक आरोग्याची संशोधनासाठी पद्धतशीर नोंद ठेवावी, ही कल्पना आज क्रीडावैद्यकाच्या परिभाषेत आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणून ती परकी वाटते. तथापि, विद्यार्थ्याच्या शरीराची मोजदाद करण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. तो कोठे सुरू झाला, कोठे थांबला आणि त्यात काय निसटले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला एक भूगोलही आहे. मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव पुण्याच्या पश्चिम कडेला आहे. शेजारच्या लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन खासगी विद्यापीठे उभी आहेत, आणि अलीकडे म्हाळुंगे-बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथेच झाल्या. याच मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचे मामासाहेब मोहोळ, ज्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र केसरीची गदा दिली जाते. तालीम, क्रीडासंकुल आणि विद्यापीठ या तीन व्यवस्था येथे काही मैलांच्या परिघात एकत्र आल्या आहेत. तिन्हींना खेळाडूचे शरीर हवे असते. त्या शरीराचा हिशेब मात्र तिघी वेगवेगळा ठेवतात, आणि काही गोष्टींचा हिशेब तिघींपैकी कोणीच ठेवत नाही.

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वत्तेचा इतिहास वाचणाऱ्यास एक गोष्ट पदोपदी जाणवते. माणसे फार लवकर जातात. बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली गेले तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली, अडतिसाव्या वर्षी, आयुष्यभर दम्याशी झगडून. साहित्याच्या इतिहासात आपण या तारखा कंसात लिहितो आणि पुढे जातो.

न्यायमूर्ती रानडे पुढे गेले नाहीत. १८९४ च्या सुमारास त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांतील अकाली मृत्यूंचा प्रश्न आकडेवारीनिशी मांडला. हिंदू पदवीधरांतील मृत्यूंचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्याचा संबंध परीक्षांच्या ओझ्याशी, म्हणजे विद्यापीठाच्याच व्यवस्थेशी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीचे महत्त्व तिच्या निष्कर्षापेक्षा तिच्या पद्धतीत आहे. तोवर एखादा हुशार तरुण गेला की ‘दैवगती’ म्हणून उसासा टाकला जाई. रानड्यांनी सुटे मृत्यू एका यादीत आणले, आणि यादी होताच दैवाच्या जागी कारण दिसू लागले. उपायही बदलला. विद्यार्थ्याने शरीर कमवावे एवढेच म्हणून न थांबता विद्यापीठाने परीक्षापद्धती हलकी करावी, असे त्यांनी सांगितले.

या यादीची मर्यादाही उघड होती. तिच्यात फक्त मृत्यू होते. जो मेला नाही पण खंगला, ज्याचे डोळे गेले, ज्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, तो त्या यादीत येऊ शकत नव्हता. मोजणीचा उंबरठा मृत्यूइतका उंच होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा या क्षेत्रातला इतिहास म्हणजे हा उंबरठा हळूहळू खाली आणण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

२

महाराष्ट्राने रानड्यांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र रानड्यांच्या दिशेचे नव्हते. ते टिळकांच्या चरित्रात सापडते. डेक्कन कॉलेजात आल्यावर टिळकांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून व्यायामात घालवले आणि कृश शरीर भक्कम केले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या कथेत शरीराची जबाबदारी पूर्णपणे विद्यार्थ्याची आहे. संस्था तेथे केवळ पार्श्वभूमी.

त्यानंतरची व्यायामचळवळ याच कथेचा विस्तार होता. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना, १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायामाला शिस्त दिली, आणि तेथूनच पुढे मराठीत व्यायामाचा ज्ञानकोश खंडाखंडाने निघाला. खो-खोचे नियम पुण्यात लिहिले गेले. आट्यापाट्या, हुतूतू, मल्लखांब यांना लिखित रूप आले. या चळवळीने खेळाचे नियम लिहिले, डावांची नावे लिहिली, विजेत्यांच्या याद्या लिहिल्या. दुखापत तेवढी लिहिली नाही.

याचे कारण निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे होईल. पारतंत्र्यातल्या समाजाला बलवान शरीराची प्रतिमा हवी होती. शासक ज्या शरीराला दुबळे म्हणत होते, त्याची दुखणी आपल्याच हाताने नोंदवून ठेवणे हे त्या काळी शत्रूच्या हाती पुरावा देण्यासारखे वाटले असणार. दुखापत ही खासगी बाब झाली, आणि क्वचित भूषणही. चिरगुटासारखे झालेले पैलवानाचे कान हे आजही त्याच्या मेहनतीचे प्रमाणपत्र समजले जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ती वारंवार मार बसून, कानाच्या कुर्चेत रक्त साकळून आलेली कायमची विकृती असते.

नोंद नव्हती याचा अर्थ ज्ञान नव्हते असा नव्हे. तालमीतला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला वर्षानुवर्षे पाहत असे. त्याचा खुराक, झोप, जोर-बैठकांतला दम, लढतीआधीचा अबोलपणा, हे सर्व त्याच्या नजरेत असे. हळदीचा लेप, तेलाची मालीश, हाडवैद्याचा हात ही त्या ज्ञानाची साधने. आजच्या संशोधनात ज्याला दीर्घकालीन निरीक्षण म्हणतात, ते वस्ताद आयुष्यभर करीत होता. परंतु हे ज्ञान एका माणसात साठलेले होते आणि त्याच्याबरोबर जात होते. दहा तालमींतल्या दहा वस्तादांनी पाहिलेले दहा गुडघे कधी एका पानावर आले नाहीत, म्हणून अमुक डावात, अमुक मातीत, अमुक ऋतूत गुडघे जास्त जातात का, हा प्रश्नच विचारता आला नाही.

प्रयोगशाळा आली ती लोणावळ्यास. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. माणिकरावांच्या तालमीत तयार झालेल्या या माणसाने आसने आणि प्राणायाम यांचे परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या साहाय्याने तपासावयास घेतले. भारतीय शारीरिक परंपरेला मोजणीसमोर उभे करण्याचे हे धाडस मोठे होते. तथापि मोजायचे काय, याची निवड येथेही त्या काळाने केली होती. पद्धती उपकारक आहे हे दाखवणे हे तेव्हाचे प्रयोजन होते. तीच पद्धती चुकीने केली तर काय बिघडते, याची यादी करणे दूर होते.

३

विद्यार्थी-खेळाडूचा प्रश्न ज्याच्या चरित्रात सर्वांत ठळक होतो तो माणूस म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

या कथेतील आकडे पाहावेत. रुपये किती, गाड्या किती, क्रमांक कितवा, हे सर्व पाठ आहे. आता तिच्यातील दुसरे दोन प्रसंग पाहू. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न मिळता सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि त्यावर हरकत घेण्यास भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी करू लागले, आणि गुडघ्याच्या दुखापतीने ती संधी गेली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

ज्या गुडघ्याने एका ऑलिंपिकचा मार्ग बंद केला, तो आपल्या कथनात एका वाक्यात संपतो. हेलसिंकीतला थकवाही ‘अन्याय’ या शीर्षकाखाली जातो, शरीराच्या इतिहासात येत नाही. खाशाबांची उपेक्षा झाली हे आपण वारंवार म्हणतो आणि ते खरेच आहे. पण उपेक्षेचा अर्थ आपण सन्मानापुरता घेतला. पुरस्कार उशिरा मिळाला, याची खंत आपल्याला आहे. गुडघ्याकडे कोणी पाहिले, किती दिवस सक्तीची विश्रांती मिळाली, तयारी सोडावी लागली तेव्हा त्या माणसाच्या मनाचे काय झाले, हे आपण विचारलेच नाही. चरित्राने पदक जपले आणि गुडघा गाळला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या गाळण्याची दखल घ्यावी. वीरकथेचा घाट पराक्रमाला जागा देतो, कुरबुरणाऱ्या सांध्याला देत नाही.

४

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, एनसीएएने, १९८२ साली दुखापतींची सलग नोंद सुरू केली. तिची युक्ती साधी होती. केवळ दुखापती मोजून उपयोग नसतो, कारण जो संघ जास्त खेळतो त्याच्या दुखापती जास्तच असणार. म्हणून एका खेळाडूचा एका सरावातील वा सामन्यातील सहभाग हे एकक धरले आणि अशा दर हजार सहभागांमागे किती दुखापती झाल्या, हे काढले. रानड्यांच्या यादीत अंश होता, येथे छेद आला.

या छेदाने काय दिसू शकते, याचे एकच उदाहरण पुरे. १९९५ साली या नोंदींच्या आधारे असे दाखवले गेले की फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांत मुलींच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे. एका प्रशिक्षकाला एका हंगामात अशा एक-दोन मुली दिसतात आणि तो ‘नशीब’ म्हणतो. हजारो सहभाग एकत्र आले तेव्हा नशिबाच्या जागी आकृतिबंध दिसला, आणि उडी मारून खाली येण्याची रीत बदलणारे प्रतिबंधक व्यायाम आखण्याच्या प्रयत्नांना जोर आला. आपल्या कबड्डीत, खो-खोत आणि मल्लखांबात असा कोणता आकृतिबंध दडला आहे, हे परदेशी नोंदवही आपल्याला सांगणार नाही. ते खेळ तिच्यात नाहीत.

परंतु दुखापत म्हणायचे कशाला? बराच काळ व्याख्या अशी होती की ज्यामुळे खेळाडूला सराव वा सामना सोडावा लागतो ती दुखापत. हा उंबरठा मृत्यूपेक्षा खूप खाली असला तरी अजून उंचच होता. जो दुखत असतानाही खेळतो तो या व्याख्येत धडधाकट ठरतो. धावपटूची पोटरी, गोलंदाजाची पाठ, जलतरणपटूचा खांदा अशी झिजत जाणारी दुखणी तिच्यातून निसटतात. २०१३ साली ओस्लोच्या क्रीडादुखापत संशोधनकेंद्रातील अभ्यासकांनी चार प्रश्नांची एक प्रश्नावली पुढे आणली. दुखण्यामुळे सहभागावर परिणाम झाला का, सरावाचे प्रमाण घटले का, कामगिरी खालावली का, आणि दुखते किती? हे प्रश्न ठरावीक काळाने, बहुधा दर आठवड्याला, सर्व खेळाडूंना विचारायचे, मग ते खेळत असोत वा नसोत. ‘लंगडत खेळणारा’ त्यामुळे प्रथमच कागदावर आला.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो केवळ भाषांतराचा नाही. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल विद्यापीठात वेदनेची जी प्रश्नावली केली, ती शब्दांच्या याद्यांवर उभी आहे. वेदना कोणत्या शब्दाने सांगितली जाते यावरून तिचे स्वरूप उमगते, हे तिचे गृहीतक. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. ठणकणे, सलणे, चुरचुरणे, हुळहुळणे, भगभगणे, चमक निघणे, कळ येणे, उसण भरणे, लचकणे, मुरगळणे, मुका मार लागणे, अंग मोडून येणे. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या शारीरिक घटनेकडे बोट दाखवतो. ‘शून्य ते दहा यांत किती दुखते?’ असे विचारले की मुळशीतला मुलगा ‘दोन’ म्हणतो, कारण जास्त म्हणणे भेकडपणाचे वाटते. तोच मुलगा ‘चमक निघते’ हे सहज सांगतो. प्रश्नावली मराठीत करणे हे म्हणून कारकुनी काम नाही, आणि ते केवळ डॉक्टरांवर सोडण्याजोगेही नाही.

५

मनाचा उंबरठा सर्वांत शेवटी ओलांडला गेला. महाराष्ट्रात खेळाडूच्या मनाविषयी गांभीर्याने बोलणाऱ्यांत भीष्मराज बाम यांचे नाव आधी घ्यावे लागते. पोलीस सेवेत वरिष्ठ अधिकारी राहिलेल्या आणि स्वतः नेमबाज असलेल्या बामांनी नाशिकमधून अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केले, आणि मराठीत पुस्तकेही लिहिली. २०१७ साली ते गेले. योगपरंपरेतील एकाग्रतेची परिभाषा त्यांनी मैदानावर आणली. त्यांच्या कार्याने ‘मन’ हा विषय खेळाच्या चर्चेत प्रतिष्ठित झाला. मात्र आपण समाज म्हणून त्यातून सोयीचे तेवढे उचलले. मन हे जिंकण्याचे साधन, एवढेच. जिंकणे-हरणे बाजूला ठेवून ते मन आजारी असू शकते, हे अजून आपल्या पचनी पडलेले नाही.

जागतिक पातळीवरही हे उशिराच झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावरील आपले सहमतीचे निवेदन २०१९ साली प्रसिद्ध केले. २०२१ साली टोकियोत सिमोन बाइल्सने स्पर्धेतून माघार घेतली तेव्हा जगभर वाद झाला. पण संशोधकांना शरीर आणि मन यांतला दुवा आधीपासून ठाऊक होता. अँडरसन आणि विल्यम्स यांनी १९८८ सालीच मांडले होते की ताणाखालच्या खेळाडूचे स्नायू आखडतात, लक्ष संकोचते, आणि म्हणून दुखापतीची शक्यता वाढते. दुखापत झाली की मैदान सुटते, संघ सुटतो, ‘मी खेळाडू आहे’ ही ओळख डळमळते आणि मन आणखी खचते. तेव्हा दोन नोंदी दोन स्वतंत्र वह्यांत ठेवल्या तर या चक्राचे अर्धेच दर्शन घडते.

मराठी बोलीला हे चक्र अपरिचित नाही. ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’, ‘मन लागत नाही’, ‘उमेद गेली’ हे वाक्प्रचार शरीर आणि मन यांच्यात भिंत घालत नाहीत. माणूस हाय खातो आणि अंथरूण धरतो. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची नैराश्य-प्रश्नावली २००१ साली आली. तिच्यातला ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हा काटेकोर कालावधी आवश्यकच आहे, पण उत्तर मिळायचे असेल तर प्रश्नाला घरच्या बोलीचा वास हवा.

६

आता खरा पेच. नोंद ठेवली तर ती वाचणार कोण?

महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. शालान्त परीक्षेत खेळाचे वाढीव गुण आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळण्याचे वय साधारण पंचविशीपर्यंतच. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला वा मुलीला विद्यापीठाच्या संघातली जागा म्हणजे छंद नसतो. तिच्यामागे प्रमाणपत्र, प्रमाणपत्रामागे नोकरी आणि नोकरीमागे घर उभे असते. अशा खेळाडूने ‘गुडघा दुखतो’ किंवा ‘झोप लागत नाही’ असे लिहून दिले आणि तो कागद निवड समितीसमोर गेला, तर पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक जण ‘काही त्रास नाही’ असेच लिहील. वही भरेल आणि तिच्यात एकही खरे अक्षर नसेल. वस्तादाच्या नजरेचा गौरव करताना हेही विसरू नये की ज्याला सर्व ठाऊक होते, लंगोट कोणी बांधायचा हे ठरवणाराही तोच होता.

म्हणून संशोधनाची वही आणि निवडीची वही वेगळी असणे, ही सोय नसून पूर्वअट आहे. कायद्याचे पाठबळ आता आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, आणि २०२३ साली व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचाही कायदा झाला. पण गोपनीयता दुधारी असते. त्या नऊ प्रश्नांतील शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एखाद्या मुलीने रविवारी रात्री भ्रमणध्वनीवर त्याला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले आणि संशोधकाने ते सत्र संपल्यावर, तक्ते करताना पाहिले, तर त्या संशोधनाला काय म्हणावे? ज्याच्याकडे समुपदेशक नाही, तातडीने फोन करणारे माणूस नाही, त्याने हा प्रश्न विचारूच नये. प्रश्न विचारणे हे वचन देणे असते. तेव्हा नोंदणीआधीच हे ठरलेले असावे की कोणत्या उत्तरावर, किती तासांत, कोण धाव घेईल, आणि गोपनीयता नेमकी कोठे थांबेल. आणि ते खेळाडूला आधीच सांगितलेले असावे.

आक्षेप असा येईल की एवढा खटाटोप मूठभर खेळाडूंसाठी कशाला. रानड्यांच्या काळी पदवीधरही मूठभरच होते. त्यांचे मृत्यू मोजल्यावर जे उघड झाले ते एका वर्गापुरते नव्हते, विद्यापीठ नावाच्या व्यवस्थेविषयी होते. खेळाडूंच्या नोंदींतूनही असेच काही दिसेल. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात येतात का, वसतिगृहाची खाणावळ सराव संपण्याआधी बंद होते का, कठीण झालेल्या मैदानावर पोटऱ्या भरतात का, अशा गोष्टी दिसू लागल्या की दुरुस्ती खेळाडूने करायची की संस्थेने, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहील. टिळकांच्या कथेने आपल्याला पहिले उत्तर शिकवले. रानड्यांचे उत्तर अजून अमलात यावयाचे आहे.

महाराष्ट्र केसरीची गदा दरवर्षी एकाच खांद्यावर जाते. ते योग्यच आहे, स्पर्धेचा तो धर्म आहे. दुखापतींच्या वहीत मात्र गदा न मिळालेल्या सर्वांना पान असते, पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्यालाही आणि आखाड्यापर्यंत पोहोचू न शकलेल्यालाही. खाशाबांच्या गुडघ्यासाठी असे पान १९५६ साली कोणी उघडले नाही. लवळ्याच्या टेकडीवर वा बालेवाडीच्या मैदानावर आज जो मुलगा लंगडत सरावाला येतो, त्याच्यासाठी ते उघडायला अजून वेळ गेलेली नाही.